तीन देशांची एक पदवी : इरास्मस मुंडसविषयी, रत्नागिरीहून

माझी पुतणी युरोपात दोन वर्षे शिकून गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीला परतली. तिच्या पहिल्या अर्जापासून पदवीच्या कागदापर्यंतचा बहुतेक पत्रव्यवहार माझ्या टेबलावरून गेला, कारण आमच्या घरात महाविद्यालयात शिकवणारा मी एकटाच आहे आणि ‘काका, हे एकदा नजरेखालून घाला’ असे म्हणून पुढे केलेली प्रत्येक फाईल शेवटी माझ्याकडेच येते. ज्या सेवेचे हे परीक्षण आहे ती मी स्वतः वापरलेली नसली, तरी तिचे करार, गुणपत्रके, भाडेपावत्या आणि रात्री अकरानंतर आलेले फोन या सगळ्यांचा मी साक्षीदार आहे. ही सेवा म्हणजे इरास्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम. निरनिराळ्या देशांतील किमान तीन उच्चशिक्षण संस्था एकत्र येऊन एकच अभ्यासक्रम आखतात, एकच प्रवेशप्रक्रिया राबवतात, विद्यार्थ्याला किमान दोन देशांत शिकवतात आणि निवड झालेल्यांना युरोपीय संघाच्या पैशातून शिष्यवृत्ती मिळते. पुतणीच्या अभ्यासक्रमाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे ज्या तक्रारी येतील त्या कोणा एका विद्यापीठाविरुद्ध नाहीत आणि तशा वाचल्या जाऊ नयेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. विद्यापीठांनी आपसांत जे जुळवायचे होते ते त्यांनी फार चांगले जुळवले आहे. सरकारांनी जे जुळवायचे ते अजून पुरते जुळलेले नाही, आणि या दोहोंमधले अंतर विद्यार्थ्याला स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या खर्चाने आणि बऱ्याचदा स्वतःच्या झोपेच्या मोबदल्यात कापावे लागते. एवढे असूनही कोकणातल्या होतकरू मुलांनी अर्ज करावा असेच मी म्हणेन.

हे जाळे एका दिवसात विणले गेलेले नाही. १९८७ मध्ये इरास्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतील अवघे ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले होते. खरी अडचण पुढची होती. परदेशात सहा महिने शिकून आलेल्या मुलाचे ते शिक्षण घरच्या विद्यापीठाने कोणत्या मापाने मोजायचे? त्यावर १९८९ पासून श्रेयांकांची, म्हणजे आपण ज्यांना सर्रास क्रेडिट म्हणतो त्यांची, एक सामाईक पद्धत वापरात आणली गेली. १९ जून १९९९ रोजी २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी बोलोन्या येथे जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा पदव्यांचे टप्पेही सारखे करण्याचे ठरले. आज पूर्णवेळ शिक्षणाच्या एका वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचे काम, हे माप पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत चालते. इरास्मस मुंडस २००४ मध्ये आले आणि युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना या जाळ्यात शिरण्यासाठी एक रुंद दार मिळाले.

या २५ ते ३० तासांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडची मुले इथेच पहिल्यांदा फसतात. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही आता वर्षाला १,२०० तास आणि ४० श्रेयांक असा हिशेब आहे, पण वर्गात कसलेल्या शिक्षकाच्या मनात श्रेयांक म्हणजे अजूनही वेळापत्रकातला तास असतो. तिकडच्या श्रेयांकात विद्यार्थ्याने घरी वाचलेले, प्रयोगशाळेत घालवलेले आणि परीक्षेआधी घोकलेले सगळे तास धरलेले असतात. पोर्तुगालमध्ये पहिल्या आठवड्यात सहा श्रेयांकांच्या विषयाला आठवड्यातून चारच तास वर्ग आहे हे पाहून पुतणीने आनंदाने फोन केला होता की इथे निम्मी सुट्टीच आहे. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन आला. आठवड्याला चार शोधनिबंध वाचून त्यांवर टिपण द्यायचे होते, आणि उरलेले तास कुठे गेले ते तिला समजले होते.

अर्जाची प्रक्रिया मला या सेवेतील सर्वांत प्रामाणिक भाग वाटली. बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात खुले असतात, बहुतेक ठिकाणी अर्जाला शुल्क नसते, आणि निवड कोणत्या निकषांवर, किती गुणांनी होणार हे आधीच लिहून दिलेले असते. तीन विद्यापीठांना तीन वेगळे अर्ज करावे लागत नाहीत, एकच समिती निर्णय घेते. म्हणूनच आमच्या शहराजवळच्या एका सल्लागाराने ‘तीन विद्यापीठांचे तीन अर्ज’ म्हणून तिप्पट शुल्क सांगितले, तेव्हा मला रागापेक्षा गंमतच अधिक वाटली. त्या गृहस्थांचे नाव सांगण्यात अर्थ नाही, असे गृहस्थ प्रत्येक जिल्ह्यात आहेत. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर या अभ्यासक्रमांची यादी कोणालाही पाहता येते, आणि अर्ज भरण्यासाठी जे लागते ते म्हणजे नीट लिहिलेले दोन पानांचे उद्दिष्टपत्र, गुणपत्रके, इंग्रजीचा पुरावा आणि दोन शिफारसपत्रे. यातले काहीही पैसे देऊन अधिक चांगले होत नाही.

शिफारसपत्रांनी मात्र घाम काढला. ती संस्थेच्या अधिकृत ईमेलवरूनच यावीत अशी अट होती, आणि तिला शिकवणाऱ्या दोन्ही प्राध्यापकांचे अधिकृत ईमेल कागदावर होते, वापरात नव्हते. महाविद्यालयाचा एकच चालू पत्ता कार्यालयातल्या लिपिकांकडे होता आणि ते गणपतीसाठी घेतलेली रजा वाढवून गावी थांबलेले. परवलीचा शब्द त्यांनी फोनवर सांगितला तेव्हा तो आमच्या ग्रामदेवतेचे नाव आणि १२३ असा निघाला. ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांनी आपल्या शिक्षकांचे ईमेल चालू करून घेतले, तर निदान या एका बाबतीत मुलांचे दोन आठवडे वाचतील.

पैशाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण अफवा याच विषयात सर्वाधिक आहेत. २०२१ ते २०२७ या कालखंडासाठीच्या नियमांनुसार शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो आहे आणि ती जास्तीत जास्त २४ महिने मिळते. म्हणजे पूर्ण दोन वर्षांचे ३३,६०० युरो झाले. शिकवणी शुल्क आणि विमा विद्यार्थ्याला वेगळा भरावा लागत नाही. मात्र विमानभाडे, व्हिसाचा खर्च, नव्या शहरात घर लावण्याचा खर्च आणि रोजचे जेवणखाण हे सगळे त्या १,४०० मध्येच बसवायचे असते. पूर्वी प्रवासासाठी निराळी रक्कम मिळत असे, ती आता मिळत नाही, आणि जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेले आकडे गृहीत धरून निघालेली मुले इथे अडखळतात. युरोला ढोबळमानाने शंभर रुपये धरले तर महिन्याला १ लाख ४० हजार होतात. रत्नागिरीत बसून हा आकडा डोळे दिपवणारा वाटतो, पण खोलीचे भाडे दिल्यावर डोळे पूर्ववत होतात. पहिला हप्ता मिळायला तिकडच्या बँकेत खाते लागते, खात्याला पत्ता लागतो, पत्त्याला भाडेकरार लागतो आणि भाडेकराराला आगाऊ रक्कम लागते. तेव्हा शिष्यवृत्ती मिळाली तरी पहिल्या दोन महिन्यांचे पैसे घरून घेऊनच निघावे. माझ्या भावाने त्यासाठी कलमांच्या बागेचा त्या हंगामाचा करार आधीच करून टाकला.

आणखी दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. प्रवेश मिळणे आणि शिष्यवृत्ती मिळणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. ‘अभिनंदन’ या शब्दाने सुरू होणाऱ्या पत्रात स्वखर्चाने शिकण्याचे निमंत्रण असू शकते, आणि तो खर्च कोकणातल्या बहुतेक घरांना झेपणारा नाही. दुसरे म्हणजे एका अभ्यासक्रमाच्या एकूण शिष्यवृत्तींपैकी दहा टक्क्यांहून अधिक एकाच देशाच्या नागरिकांना देता येत नाहीत. या शिष्यवृत्तींसाठी भारतातून येणारे अर्ज प्रचंड असतात, त्यामुळे आपल्या मुलांची खरी स्पर्धा ब्राझील किंवा इंडोनेशियाच्या मुलांशी नसून आपल्याच मुंबई, कोची आणि कोलकात्याच्या मुलांशी होते. ज्या अभ्यासक्रमाचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे तिथे ही गर्दी अधिक असते. आपला विषय जितका अचूक आणि आपल्या किनाऱ्याशी जितका जोडलेला, तितका अर्ज वेगळा उठून दिसतो. पुतणीने उद्दिष्टपत्रात समुद्रावरचे प्रेम वगैरे काहीही लिहिले नव्हते. भाट्ये खाडीत ओहोटीला कालवे काढणाऱ्या बायका पूर्वी कुठे बसायच्या आणि आता किती आत जातात, हे तिने तीन वर्षे वहीत टिपले होते, तेवढेच मांडले.

समुद्र, किनारा आणि मासेमारी या विषयांत अशा जाळ्यांची कमतरता नाही, हे आपल्यासाठी विशेष. घेंट विद्यापीठाच्या समन्वयाने चालणारा सागरी जैविक संसाधनांचा अभ्यासक्रम आहे. बोलोन्या, कादिझ आणि आल्गार्व्ह या तीन विद्यापीठांचा जल आणि किनारा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे. मत्स्यशेतीवरचेही आहेत. मात्र अशा प्रत्येक अभ्यासक्रमाला युरोपीय निधी ठरावीक तुकड्यांपुरता मंजूर होतो, त्यामुळे यंदाच्या तुकडीला शिष्यवृत्ती आहे की नाही हे त्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावर पाहूनच अर्ज करावा.

आता प्रत्यक्ष शिक्षणाविषयी. पहिले सत्र पोर्तुगालमध्ये, दुसरे जर्मनीत, तिसरे इटलीत आणि चौथे प्रबंधासाठी, अशी तिची मांडणी होती. हा नुसता तीन देशांचा फेरफटका ठरेल अशी मला भीती होती. ती भीती दुसऱ्या सत्रात गेली. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील खाजणांत तिने भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर परवाने देऊन आखलेले शिंपल्यांचे वाफे पाहिले. जर्मनीत बाल्टिक समुद्राकाठी, जिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, तिथे तिला पूर्व बाल्टिकमधील कॉड माशाची कहाणी शिकवली गेली. साठा इतका खालावला की २०१९ मध्ये युरोपीय आयोगाला ही मासेमारी तातडीने थांबवावी लागली. दोन्ही ठिकाणी मत्स्यधोरण एकच, युरोपीय संघाचे सामाईक, पण एका किनाऱ्यावर ते रोजगाराचा कागद म्हणून दिसते आणि दुसऱ्यावर बंद पडलेल्या बंदराच्या रूपाने. एकाच विद्यापीठात दोन वर्षे बसून हे पुस्तकातून कळले असते. मिरकरवाड्यात वाढलेल्या मुलीला १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी पावसासारखीच ठरलेली वाटते, आणि तिला तिथे पहिल्यांदा प्रश्न पडला की बंदी किती दिवसांची असावी हे कोण आणि कशावरून ठरवते. तीन देशांतल्या शिक्षकांनी आपापले तुकडे एकमेकांना विचारून आखले होते हे तिच्या वह्यांवरून स्पष्ट दिसत होते. जर्मनीतल्या सांख्यिकीच्या वर्गात पोर्तुगालच्या क्षेत्रकार्यातीलच आकडेवारी वापरली गेली. इतका समन्वय आमच्याच महाविद्यालयात दोन शेजारच्या विभागांत मी पाहिलेला नाही, आणि त्या दोन विभागांपैकी एक माझा आहे.

गुणांची भाषा मात्र तीन देशांत तीन. पोर्तुगालमध्ये गुण २० पैकी आणि उत्तीर्ण होण्यासाठी १० लागतात. इटलीत ३० पैकी, आणि १८ ला उत्तीर्ण. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर आणि त्यापुढे अनुत्तीर्ण. पुतणीला अनुक्रमे १६, १.७ आणि २८ मिळाले. हे तिने घरच्या गटावर टाकले, तेव्हा आजीने पहिल्यांदा विचारले ते १.७ विषयी. पोरीचे तिथे काही बिनसले का, जेवणाचे हाल आहेत का, इथपर्यंत चौकशी गेली. खरे तर तोही आकडा चांगल्यापैकीच होता. या गुणांचे रूपांतर कसे होणार याचा तक्ता अभ्यासक्रमाच्या करारातच जोडलेला असतो, आणि प्रवेश घेताना सही करण्याआधी तो वाचावा, कारण प्रबंधाची जागा पुढे याच रूपांतरित गुणांवर ठरते.

वेळापत्रकांनी दिलेला त्रास मी हलका समजत नाही. पोर्तुगालचे सत्र जानेवारीअखेर संपले. जर्मन विद्यापीठांचे उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. मधले दोन महिने ती कुठे राहणार याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत नव्हते. खोलीचा करार संपलेला, पुढच्या देशाची खोली अजून ताब्यात नाही. उलट दिशेने जाणाऱ्या तिच्या मैत्रिणीची अडचण वेगळी होती. जर्मनीतली हिवाळी सत्राची परीक्षा फेब्रुवारीत आणि पुढच्या देशातले वर्गही फेब्रुवारीत. श्रेयांक एकसारखे करता आले, पण जर्मन विद्यापीठांची दिनदर्शिका कोणी हलवू शकलेले नाही. पुतणीने ते दोन महिने एका प्रयोगशाळेत उमेदवारी करून काढले, आणि तशी सोय तिथल्या समन्वयक बाईंनी स्वतः चार फोन करून केली. अशा व्यक्ती या सगळ्या व्यवस्थेचा खरा आधार आहेत, आणि त्या प्रत्येक ठिकाणी असतीलच असे नाही.

सर्वांत मोठी तक्रार व्हिसा आणि निवास परवान्याची. कागदावर नियम उदार आहे. युरोपीय संघाच्या २०१६ च्या एका निर्देशानुसार, बहुराष्ट्रीय अभ्यासक्रमात शिकणाऱ्या युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला एका सदस्य देशाचा वैध परवाना असेल, तर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकण्यासाठी नवा परवाना न घेता, नुसत्या पूर्वसूचनेवर जाता यावे. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशात सहभागी नाहीत, तेव्हा तिकडचे सत्र असेल तर हा मुद्दाच निकालात निघतो. पण सहभागी देशांतही ही सूचना वैध परवाना हातात असेल तरच चालते. पुतणीचे निवासपत्र एका देशात इतके रखडले की सत्र संपत आले तरी हातात तात्पुरती पावतीच होती, आणि त्या पावतीवर पुढच्या देशात जाणे धोक्याचे होते. तीन विद्यापीठांचे तीन समन्वयक एकमेकांना तासाभरात उत्तरे देत होते. त्या तिघांच्याही हातात काही नव्हते. शेवटी तिला भारतात परत यावे लागले, आणि आम्ही दोघे कोकणकन्येने रात्री निघून पहाटे मुंबईत उतरलो, व्हिसा अर्ज केंद्राच्या दारात उभे राहिलो, तिथून राज्याच्या शिक्का-मोर्तबाच्या कार्यालयात आणि मग परत. अपोस्टिल म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यतेचा तो शिक्का आपल्या मूळ पदवी प्रमाणपत्रावर निघण्यापूर्वीच करून घ्यावा, नंतर कुरिअरने कागद पाठवत बसू नये, एवढा एक धडा त्यात पदरी पडला. विमानाचे जादा भाडे त्या १,४०० मधूनच गेले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण माझ्याकडे विचारायला येणारे पालक हमखास तो घेऊन येतात. ‘युरोपियन युनिव्हर्सिटीज’ म्हणून ज्या आघाड्यांची जाहिरात दिसते, त्या आणि इरास्मस मुंडस एक नव्हेत. आपल्याकडे युती आणि आघाडी हे दोन्ही शब्द राजकारण्यांनी झिजवून टाकले आहेत, म्हणून सांगतो की ही आघाडी निकालानंतर मोडत नाही. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये पॅरिसच्या सॉरबाँ विद्यापीठातील भाषणात, २०२४ पर्यंत वीसेक अशा आंतरदेशीय विद्यापीठ-आघाड्या असाव्यात अशी कल्पना मांडली होती. २०१९ मध्ये पहिल्या १७ निवडल्या गेल्या, आणि २०२४ पर्यंत त्या ६४ झाल्या, त्यांत ३५ देशांतील ५६० हून अधिक संस्था आहेत. एका आघाडीला चार वर्षांसाठी १ कोटी ४४ लाख युरोपर्यंत निधी मिळू शकतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यांतली ‘सी-ईयू’ ही नावानेच ओढून घेते. कादिझ, ब्रेस्त, कील, ग्दान्स्क, स्प्लिट आणि माल्टा येथील, म्हणजे बंदरांच्या शहरांतील विद्यापीठांनी ती सुरू केली आणि नंतर नेपल्स, आल्गार्व्ह आणि नॉर्वेतील नॉर्ड विद्यापीठ तिला जोडले गेले. ला रोशेलच्या पुढाकाराने किनारी शहरांच्या टिकाऊ विकासासाठी झालेली ‘ईयू-कॉनेक्सस’ ही दुसरी.

पण या आघाड्या ग्राहक म्हणून आपल्यासाठी जवळजवळ बंद आहेत. तिथे प्रवेश असा कोणालाच मिळत नाही. आधी एखाद्या सदस्य विद्यापीठात रीतसर नाव नोंदवावे लागते, मग इतर सदस्यांचे वर्ग, सत्रे आणि पाच ते तीस दिवसांचे जोडशिबिर (म्हणजे थोडे ऑनलाइन आणि थोडे प्रत्यक्ष जाऊन) यांचा लाभ मिळतो. मी स्वतः एका आघाडीचे संकेतस्थळ तासभर चाळले आणि नवोन्मेष, समावेशकता, परिवर्तन असे शब्द पन्नासदा वाचूनही, आमच्या तृतीय वर्षाच्या मुलीने कुठे अर्ज करायचा हे मला सापडले नाही, कारण सांगण्याजोगे उत्तरच नव्हते. आपल्या मुलांनी याचा उपयोग आडवळणाने करून घ्यावा. जर्मनीत कीलला किंवा अन्यत्र साधा पदव्युत्तर प्रवेश घेत असाल, तर ते विद्यापीठ कोणत्या आघाडीत आहे हे पाहून घ्या. त्याच शुल्कात दुसऱ्या देशातले एखादे सत्र पदरात पडू शकते.

या आघाड्यांपेक्षा मला एक जुने, शांत उदाहरण अधिक पटते. ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात बाझेल, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूहे, स्ट्रासबुर्ग आणि ओत-अल्झास या पाच विद्यापीठांनी १९८९ पासून ‘यूकॉर’ नावाचे संघटन चालवले आहे. देश तीन, नदी एक. एका ठिकाणी नाव नोंदवलेला विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी वेगळे शुल्क न भरता वर्गाला बसतो, आणि स्ट्रासबुर्गहून जर्मनीतल्या केलला तर २०१७ पासून ट्रामच जाते. स्थलांतरावर मर्यादा घालण्याविषयीच्या २०१४ मधल्या सार्वमतानंतर स्वित्झर्लंडला इरास्मसमधले पूर्ण स्थान गमवावे लागले, तरीही बाझेलचे हे शेजारपण टिकून राहिले. शेजाऱ्यांनी रोजच्या गरजेतून बांधलेले नाते दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीतून आलेल्या योजनेपेक्षा चिवट असते, असे मला वाटते. ब्रसेल्सलाही ते लागू असावे. उलट उदाहरण हंगेरीचे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये युरोपीय संघाने तिथल्या विश्वस्त-संस्थांकडे सोपवलेल्या विद्यापीठांना नवा निधी थांबवला. भांडण सरकारशी होते, खीळ बसली ती विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीला.

हे वाचताना मला सतत महाराष्ट्र आणि गोव्याच्या सीमेवरची तेरेखोलची खाडी आठवते. सावंतवाडी-वेंगुर्ल्याची मुले मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकतात, आणि मुंबई त्यांना पाचशे किलोमीटर लांब. गोवा विद्यापीठ सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतके जवळ आहे. भाषा जवळची, मासे तेच, खारफुटीही तीच. पण तिथल्या एखाद्या सागरविज्ञानाच्या विषयाला सत्रभर बसून त्याचे श्रेयांक आपल्या गुणपत्रकात आणलेला एकही सिंधुदुर्गातला विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही. एका ठिकाणचे श्रेयांक साठवून दुसरीकडे वापरण्यासाठीची श्रेयांक पेढी २०२१ पासून कागदावर आहे, परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त पदवीचे नियमही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये केले. ऱ्हाइन ओलांडण्याचे नियम झाले, तेरेखोलचे काय ते अजून कोणी विचारलेले नाही.

पदवीचा कागद हा या सेवेचा शेवटचा भाग, आणि तिथे पुन्हा सरकारांची गाठ पडते. संयुक्त पदवी म्हणजे सर्व विद्यापीठांच्या सह्यांचे एकच प्रमाणपत्र अशी कल्पना असते, पण प्रत्येक देशाचा कायदा त्याला सारखी मुभा देत नाही, म्हणून कित्येक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला एकाऐवजी दोन-तीन वेगळी प्रमाणपत्रे मिळतात. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने ‘युरोपीय पदवी’चा आराखडा मांडला तो हेच दुखणे बरे करण्यासाठी. पुतणीला दोन प्रमाणपत्रे आणि एक पदवी-पूरकपत्र मिळाले. हे पूरकपत्र मात्र मनापासून आवडले. कोणता विषय, किती श्रेयांक, कोणत्या देशात, गुणांचा अर्थ काय, ती पदवी त्या देशाच्या शिक्षणव्यवस्थेत कुठे बसते, हे सगळे आठ पानांत इतके नीट लिहिलेले आहे की आमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला असलेल्या बारीक अक्षरांची मला लाज वाटली.

ते घेऊन ती आता इथे नोकरी शोधते आहे. परदेशी पदवीची समकक्षता पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ ठरवत असे, एप्रिल २०२५ मध्ये अनुदान आयोगाने त्यासाठी नवे नियम केले आहेत, आणि तिचा अर्ज त्या वाटेवर आहे. दरम्यान किनारा व्यवस्थापनाशी संबंधित एका पदाची जाहिरात आली. ऑनलाइन अर्जात पदव्युत्तर शिक्षणासमोर ‘विद्यापीठाचे नाव’ अशी एकच चौकट होती आणि ‘देश’ या यादीतून एकच नाव निवडता येत होते. तिने तिन्ही विद्यापीठांची नावे स्वल्पविराम देत लिहायला घेतली. दुसऱ्या नावाच्या मध्यावर चौकट भरली, आणि पुढचे अक्षर काही उमटेना.

‘काका, यातला कुठला देश ठेवू?’ तिने विचारले. प्रबंध जिथे केला तो ठेव, असे मी सांगितले, आणि पूरकपत्राची आठही पाने तिने खाली जोडून दिली.